ठाकूर सरांचं प्रोबेशन आणि न उघडलेला कंटेनर

"एक पूर्णांक सहा," प्राचार्य म्हणाले. "पाचपैकी."

त्यांनी प्रिंटआउट टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मग ड्रॉवर उघडून आणखी एक कागद काढला आणि प्रिंटआउटच्या शेजारी, कडा जुळवून ठेवला. तो माझाच होता. चार पानी पत्रक. शीर्षक: 'गुप्त गोळाबेरीज बंद करा!' उद्गारचिन्हासकट.

"कलम तीन वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं वाचलंत तरी चालेल. तुमचं गद्य ऐकायला बरं वाटतं."

मी मनात वाचलं. 'विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाची सरासरी तीनपेक्षा कमी असल्यास संबंधित शिक्षकास कायम करता येणार नाही. ही सरासरी बदलण्याचा अधिकार प्राचार्यांसह कोणालाही असणार नाही.'

"'प्राचार्यांसह' हा शब्द अधोरेखित आहे," प्राचार्य म्हणाले. "दोनदा."

आता हे प्रकरण काय होतं ते सांगते.

मी पनवेलच्या एका कम्युनिटी कॉलेजात कम्युनिकेशन स्किल्स शिकवते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे जिथे पदवीच्या मागे न लागता एका वर्षात एखादं काम शिकवतात: रुग्णसहायक, एसी दुरुस्ती, गोदाम व्यवस्थापन. आमच्याकडे न्यू पनवेलच्या सोसायट्यांमधली बारावीत अडकलेली मुलं येतात, उरणची येतात, आणि कर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्यांवरचीही येतात. या वाड्यांवरच्या मुलांचे आईवडील वर्षातले काही महिने वीटभट्टीवर असतात.

नव्या शिक्षकाला आमच्याकडे दोन वर्षं प्रोबेशनवर ठेवतात. प्रोबेशन म्हणजे नोकरी आहे, पण अजून तुमची नाही. दोन वर्षं संपताना एक समिती मूल्यमापन करते. त्यात दोन गोष्टी बघतात. एक, विद्यार्थ्यांनी भरलेला फीडबॅक फॉर्म. दोन, ऑब्झर्वेशन, म्हणजे समितीनं वर्गात मागे बसून तास बघणं. समितीनं हो म्हटलं तर महिनाअखेर मॅनेजमेंट कायम करतं. नाही म्हटलं तर त्याच महिनाअखेर निरोप.

मागच्या वर्षी एका चांगल्या शिक्षिकेला निरोप मिळाला. मुलांनी तिला भरभरून गुण दिले होते. पण मॅनेजमेंटमधल्या कुणाला तरी तिचं बोलणं टोचलं होतं, आणि बंद खोलीत गुणांची 'फेरमांडणी' झाली. मी पेटले. आमच्या घरी हे आनुवंशिक आहे. बाबा कामगार संघटनेत होते, आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले. मी पत्रक काढलं, गेटवर उभं राहून वाटलं, स्टाफ मीटिंगमध्ये वाचलं. आश्चर्य म्हणजे मॅनेजमेंटनं सगळी कलमं मान्य केली. त्यातलं एक कलम 'समितीत शिक्षकांचा प्रतिनिधी असावा' असं होतं. जागा निर्माण झाली, पण उभं कुणीच राहिलं नाही. म्हणून मीच समितीत गेले.

आणि माझ्या नियमाखाली पहिला माणूस सापडला तो दामोदर ठाकूर.

ठाकूर सर गोदाम व्यवस्थापन शिकवायचे. वय चाळीसच्या पुढे, आवाज यार्डातला. उरणजवळ द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात बारा वर्षं टॅली सुपरवायझर होते. टॅली म्हणजे कागदावर लिहिलेला माल आणि समोर आलेला माल मोजून जुळवणं. ती पक्की नोकरी सोडून ते आमच्याकडे आले होते. का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "बारा वर्सं दुसऱ्यांची चुकलेली मोजनी नीट केली, मॅडम. म्हटलं, आता चुकायच्या आदीच पकडू."

त्यांच्या वर्गातली मुलं त्यांच्यावर जीव टाकतात असा माझा समज होता. आणि मुलांनी त्यांना दिले होते एक पूर्णांक सहा.

"पूर्वी असतं," प्राचार्य खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तर मी पेन काढून एका मिनिटात साडेतीन केलं असतं. भला माणूस आहे. पण आता काय, पारदर्शकता आली."

"तुम्हाला मजा येतेय, सर."

"थोडी," ते म्हणाले. "पण माणूस जाणार याचं वाईटही वाटतंय. दोन्ही एकदम होतं हो, शिर्के मॅडम. या वयात सवय होते."

मी तिथून थेट ऑफिसात गेले. आमचे फॉर्म कागदी असतात, कारण सगळ्या मुलांकडे फोन नसतो. ते कदमबाई कॉम्प्युटरवर चढवतात. कदमबाई ऑफिसात इतकी वर्षं आहेत की प्राचार्यही त्यांना विचारून रजा घेतात.

"बाई, ठाकूर सरांचा आकडा चुकला नाही ना?"

"मी चुकत नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"मग इतका कमी कसा?"

"सांगता येणार नाही. फॉर्ममधला मजकूर बाहेर बोलायचा नाही, असा नियम आहे. कुणी केला ते तुम्हाला माहितीच आहे." मग त्यांनी चष्मा काढला. "एवढंच सांगते. त्या पाकिटात आकडे कमी आणि अक्षरं जास्त आहेत. आणि आपल्या सॉफ्टवेअरला अक्षरं वाचता येत नाहीत. रिकामी जागा दिसली की ते शून्य धरतं. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

मला वाटलं, मुलांनी तक्रारी लिहिल्या असणार. पानंच्या पानं. ठाकूर सर ओरडतात हे खरं होतं. त्यांचा तास चालू असला की माझ्या वर्गातली मुलं आपोआप ताठ बसायची.

मी त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं. डबा खात होते. मी आकडा सांगितला.

त्यांनी घास थांबवला नाही. नीट चावून गिळला आणि म्हणाले, "पोरांनी लिवलंय ना?"

"हो."

"मग बरोबर असंल."

"सर, तुमची नोकरी जाईल."

"ते समजलं मना." त्यांनी पुढचा घास घेतला. "घरी सांगावं लागंल. बायको म्हनलीच व्हती, यार्ड सोडू नको."

"तुम्ही मुलांशी बोलून बघा ना. काय बिनसलंय विचारा."

हे ऐकून मात्र त्यांनी डबा बंद केला. "मॅडम, माझीच मोजनी चाललीय आनि मीच जाऊन मोजनाऱ्याच्या कानाला लागू? असं केलेल्या मान्साला मी यार्डातून काडलाय."

माझ्यापेक्षा जास्त तत्त्वनिष्ठ माणूस समोर आला की माझी अडचण होते.

ऑब्झर्वेशन दोन दिवसांनी होतं. आमच्याकडे ऑब्झर्वेशनच्या दिवशी सणासारखं असतं. वर्गाचे पडदे धुतात. हुशार मुलं पुढच्या बाकांवर येतात. समिती दारात दिसली की वर्ग उभा राहून एका सुरात 'गुड मॉर्निंग' म्हणतो. फॉर्मवर त्यासाठी वेगळी ओळ आहे: 'विद्यार्थ्यांनी समितीचे स्वागत केले.'

समितीत आम्ही तिघं होतो: प्राचार्य, मी आणि बाहेरचे तज्ज्ञ बर्वे सर. बर्वे सर पुण्याचे, शिक्षणशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पांढरा शर्ट, मऊ आवाज, खिशात तीन रंगांची पेनं.

ठाकूर सरांचा वर्ग म्हणजे इमारतीमागची पत्र्याची शेड. दाराशी मंदा वाघमारे उभी होती. मंदा कर्नाळ्याजवळच्या वाडीवरची. माझ्या तासाला ती तोंड उघडायची नाही. आज तिच्या अंगात गोदामाच्या पहारेकऱ्याचं चमकणारं जाकीट होतं आणि हातात रजिस्टर.

"व्हिजिटर पास?" तिनं विचारलं.

प्राचार्य हसले. "बाळ, मी प्राचार्य आहे."

"हां सर. वलखते मी."

"मग?"

"वलख वेगली. पास वेगला."

प्राचार्यांनी आत बघितलं. ठाकूर सर दहा पावलांवर उभे होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मंदाकडे बघितलं आणि पाठ फिरवून खोकी मोजायला लागले.

"पास कुठे मिळतो?" प्राचार्यांनी विचारलं.

"ऑफिसात."

"ऑफिस माझंच आहे ना!"

"मग लगेच मिलंल," मंदा म्हणाली.

प्राचार्य गेले. तोपर्यंत मंदानं बर्वे सरांच्या लॅपटॉपचा नंबर लिहून घेतला आणि त्यांच्या खिशातली तीन पेनं मोजली. प्राचार्य अकरा मिनिटांनी तिघांचे पास घेऊन परत आले, कारण कदमबाईंनी त्यांना 'भेटीचा उद्देश' भरायला लावला होता. बर्वे सरांनी फॉर्मवरची स्वागताची ओळ वाचली आणि हिरव्या पेनानं लिहिलं: 'स्वागत झाले नाही. तपासणी झाली.'

आत बसायला खुर्च्या नव्हत्या.

"सर, तुमी बसू नका," ठाकूर सर बर्वे सरांना म्हणाले. "आज ट्रकचा ड्रायवर आलेला नाय. तुमी ड्रायवर."

"मी?" बर्वे सर म्हणाले. "मला काय करावं लागेल?"

"घाई. नुसती घाई करायची."

त्यांनी बर्वे सरांच्या हातात चलन दिलं. चलन म्हणजे मालाबरोबर येणारा कागद, कोणता माल किती ते सांगणारा. त्यावर चोवीस खोकी लिहिली होती. मुलं मोजायला लागली.

बर्वे सर सुरुवातीला लाजले. "जरा लवकर करता का?" ते हळूच म्हणाले.

"ड्रायवर असा बोलत नाय," मागून कुणीतरी म्हणालं.

बर्वे सरांनी बाह्या वर केल्या. "अहो, आटपा की! मला अजून दोन ठिकाणी गाडी खाली करायचीय!"

"थांबा काका."

"काय थांबा? वीस वर्षं हाच माल आणतोय मी! माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर हाय," मोजणारा मुलगा म्हणाला. "खोक्यावर नाय."

बर्वे सरांना खरोखर राग आला. त्यांनी चलन खोक्यावर आपटलं, मोजणी अर्ध्यावर सोडण्याचा आग्रह धरला, मालकाला फोन लावतो अशी धमकी दिली. प्राचार्य तोंडावर रुमाल धरून उभे होते. मुलांनी तीनदा मोजलं. खोकी तेवीस निघाली, आणि एकाचा तळ ओला. मग त्या मुलानं चलनावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: 'तेवीस मिळाले. एक शॉर्ट. एक ओला. ओल्याच्या आत काय झालंय ते पाहिलेलं नाही.' आणि त्याखाली सही केली.

"शाब्बास," ठाकूर सर म्हणाले. मग आमच्याकडे वळून, पाहुण्यांना समजावं म्हणून, त्यांनी पुढचा भाग सांगितला. मोठ्या कंटेनरला सील असतं. तो दर ठिकाणी उघडत नाहीत. म्हणून त्याच्या कागदावर 'आत अमुक माल आहे' असं न लिहिता 'सेड टू कंटेन' लिहितात. आत अमुक आहे असं सांगितलं जातं, एवढाच त्याचा अर्थ. सांगणारा खरं बोलत असेल, पण आपण बघितलेलं नाही.

"माज्या वर्गाचा एकच नियम," ते मुलांकडे बघून म्हणाले. "जे उगडून बगितलं नाय..."

"त्येच्यावर आकडा टाकायचा नाय!" बावीस गळ्यांमधून आलं.

मला कदमबाई आठवल्या. आकडे कमी, अक्षरं जास्त. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, पाकीट उघडायला हवं. आत्ता."

"उघडता येणार नाही," प्राचार्य म्हणाले. "कलम पाच. 'आकडे चढवल्यानंतर मूळ फॉर्म कोणत्याही कारणास्तव उघडू नयेत.' 'कोणत्याही' अधोरेखित."

हे कलम मी का घातलं होतं? अक्षरावरून मुलगा ओळखू येतो. मग नापास करण्याच्या धमक्या सुरू होतात. कलम योग्यच होतं, आजही योग्य आहे. म्हणजे माझ्यासमोर दोनच रस्ते होते. एक तर माझा नियम पाळायचा आणि कॉलेजातला सगळ्यात खरा शिक्षक घालवायचा. किंवा माझा नियम मोडायचा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी वाईट हेतूनं मोडला, तर गप्प बसायचं.

"कलमं कोणासाठी असतात?" बर्वे सरांनी विचारलं. त्यांच्या बाह्या अजून वरच होत्या.

"मुलांच्या संरक्षणासाठी."

"मग मुलांना विचारा की."

इतकं सोपं होतं. मुलांच्या आवाजाबद्दल चार पानं लिहिताना मी एकाही मुलाला विचारलं नव्हतं.

आम्ही परत शेडमध्ये गेलो. पास होता, मंदानं सोडलं. ठाकूर सरांना बाहेर थांबायला सांगितलं. मी मुलांना सगळं खरं सांगितलं: आकडा किती आला, नियम कुणाचा, सरांचं काय होणार.

मग चलनावर सही करणारा तो मुलगा म्हणाला, "पण आमी तर सरांनी शिकवल्याप्रमानंच भरला."

"म्हणूनच विचारतेय. पाकीट उघडू का?"

मुलांनी कोपऱ्यात जाऊन पाच मिनिटं कुजबुज केली. मग मंदा पुढे आली. माझ्या तासाला न बोलणारी मंदा म्हणाली, "माल आमचा हाय. उगडा, पन आमच्यासमोर. पयलं सील बघायचं, कुनाची सही हाय त्ये लिवायचं. वाचनार त्ये पुन्याचे सर, त्यांना आमचं अक्षर म्हायत नाय. तुमी आनि मोठे सर कागद बघायचा नाय."

"आणि ठाकूर सर?"

"त्ये माल हायत. मालानं बाहेर थांबायचं."

कदमबाई पाकीट घेऊन आल्या. मंदानं पाकीट फिरवून बघितलं, चिकटपट्टीवरच्या सह्या रजिस्टरात लिहिल्या आणि पाकीट उघडलं. प्राचार्य आणि मी भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. बर्वे सर वाचायला लागले.

फॉर्मवर दहा विधानं असतात. प्रत्येकासमोर एक ते पाच आकडे, आणि खाली अभिप्रायाची ओळ.

"'शिक्षक वर्गात वेळेवर येतात,'" बर्वे सरांनी वाचलं. "आकडा नाही. अभिप्राय: 'मी स्वतः उशिरा येतो. सर आधीच असतात. कधी आले ते पाहिलेलं नाही.'"

प्राचार्यांच्या खांद्यांमध्ये हालचाल झाली.

"'शिक्षकांना विषयाचे सखोल ज्ञान आहे.' आकडा नाही. 'सेड टू कंटेन.'"

"'शिक्षक वर्गाबाहेरही उपलब्ध असतात.' 'बाहेर शोधलं नाही.'"

"'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी झटतात.'" इथे बर्वे सर थांबले. त्यांनी घसा खाकरला. "'सर्वांगीण म्हणजे कोणकोणती अंगं, त्याची यादी जोडलेली नाही. यादीशिवाय टॅली होत नाही.'"

प्राचार्य भिंतीला कपाळ टेकवून हसत होते.

जिथे बघितलं होतं तिथे आकडे होतेच. 'शंकांचे निरसन करतात' याला पाच. 'सर्वांना समान वागणूक देतात' यालाही पाच, आणि खाली 'सगळ्यांवर सारखेच ओरडतात'. 'फळ्यावरचे लेखन सुवाच्य असते' याला दोन. बावीस जणांनी मिळून दहापैकी चारेक विधानांना आकडे दिले होते, आणि त्यांची सरासरी चार होती. उरलेल्या सहांची शून्यं सॉफ्टवेअरनं आपल्या पदरची घातली होती.

"झालं तर मग," प्राचार्य वळून डोळे पुसत म्हणाले. "रिकाम्या जागी चार-चार टाकू. विषय संपला."

"नाही," मी म्हणाले.

"नाय," मंदा म्हणाली. माझ्या आधी की नंतर, ते सांगता येणार नाही.

ठाकूर सरांना आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "फल्याला दोन?" मग फळ्याकडे वळून बघितलं. "हां. बरोबर हाय."

"सर चार-चार टाकायचं म्हणतायत," मी सांगितलं.

"न बगता?" ते म्हणाले. "मॅडम, मना कायम करा नायतर घरी पाठवा. पन ह्या पोरांनी सहा म्हयन्यांत जे शिकलंय, त्ये माज्या नोकरीसाठी पुसू नका."

मग रस्ता काय? तो मोजणाऱ्या मुलानंच सांगितला. मालाची शंका असेल तर तो नाकारत नाहीत, पासही करत नाहीत. बाजूला ठेवतात आणि पुन्हा तपासतात. महिनाअखेरीला दहा दिवस कामाचे शिल्लक होते. तेवढ्यात जे पाहिलं नव्हतं ते पाहायचं आणि फॉर्म पुन्हा भरायचा. मी कलमं चाळली. असं करायला मनाई कुठेच नव्हती. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं, म्हणून मनाई करायचीही राहून गेली होती. बर्वे सरांनी लाल पेनानं सही केली.

त्या दहा दिवसांत ठाकूर सरांची जी तपासणी झाली, तशी यार्डातल्या एकाही कंटेनरची झाली नसेल. सकाळी गेटवर दोन मुलं घड्याळ घेऊन उभी असायची. त्यांची पाठ-नियोजनाची वही, म्हणजे कोणत्या दिवशी काय शिकवणार त्याची नोंद, मुलांनी पानागणिक तपासली. वर्गाबाहेर उपलब्ध असतात का हे बघायला एकजण रविवारी उरणला त्यांच्या घरी गेला आणि माशांचं जेवण जेवून आला. प्राचार्य रोज काहीतरी कारण काढून शेडपर्यंत जायचे. पास खिशातच ठेवायला लागले होते.

'सर्वांगीण विकास' या विधानाची यादी मुलांनी माझ्याकडे मागितली. मी दोन रात्री विचार करून पाच मुद्दे दिले. त्यांनी दोन नापसंत केले.

आणि 'सखोल ज्ञान' तपासायला मुलं बाहेरून प्रश्न आणायची. कुणाचा भाऊ ट्रेलरवर, कुणाचा मामा गोदामात. सहाव्या दिवशी उरणजवळच्या मोरा बंदरातल्या एका मुलीनं विचारलं, बोटीवरून उतरलेली मासळी बर्फासकट तोलायची की बर्फाशिवाय, आणि कागदावर काय लिहायचं?

ठाकूर सर म्हणाले, "मना म्हायत नाय. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोऱ्याच्या धक्क्यावर गेले, तिथल्या लोकांना विचारलं, स्वतः दोन टोपल्या तोलून बघितल्या आणि बरोबर उत्तर घेऊन पनवेलला आले. बावीस मिनिटं उशिरा. गेटवरच्या मुलांनी वेळ लिहून घेतली.

दहाव्या दिवशी फॉर्म पुन्हा भरले. या वेळी एकही जागा रिकामी नव्हती. 'सखोल ज्ञान' याला बहुतेकांनी चार दिले. 'वेळेवर येतात' याला तीन. त्याखाली एकानं लिहिलं होतं: 'दहापैकी दोन दिवस उशीर. एक दिवस आमच्याच प्रश्नामुळे. तरी उशीर तो उशीर.' सरासरी आली तीन पूर्णांक आठ.

कदमबाईंनी आकडा दोनदा मोजून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच हसल्या.

महिनाअखेर मॅनेजमेंटनं ठाकूर सरांना कायम केलं. एका सदस्यानं विचारलं म्हणे, इतर शिक्षकांमध्ये पावणेपाचच्या खाली कुणी नसताना हे तीन पूर्णांक आठ कसे चालतील? प्राचार्य म्हणाले, "साहेब, हे एकटेच मोजलेले आहेत." मला हे वाक्य त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं. ठाकूर सरांनी पत्र घेतलं, दोनदा वाचलं, घडी घालून वरच्या खिशात ठेवलं आणि घरी फोन लावायला शेडच्या मागे गेले. बराच वेळ आले नाहीत. मंदानं वर्ग चालू ठेवला.

या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकले. कोणताही फॉर्म छापायच्या आधी एखाद्या प्रामाणिक माणसाला भरायला द्यावा. तो कुठे मोडतो ते दोन मिनिटांत कळतं. आमचा फॉर्म इतकी वर्षं टिकला, कारण तो न बघता भरणाऱ्यांसाठीच बनलेला होता.

आता त्यावर पाच आकड्यांच्या पुढे सहावा चौकोन आहे: 'पाहिलेले नाही.' सॉफ्टवेअर त्याला शून्य धरत नाही, वेगळं मोजतं. पुढच्या सेमिस्टरला हा फॉर्म सगळ्या विभागांत गेला, कायम शिक्षकांनाही लागू झाला. माझा निकाल कदमबाईंनी बंद पाकिटात दिला. 'शिक्षिका विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकून घेतात' या विधानासमोर माझ्या वर्गातल्या अकरा जणांनी सहाव्या चौकोनात खूण केली होती.

सध्या मी तासाची पहिली पाच मिनिटं गप्प बसते. फार अवघड जातं.